मुलांबरोबर घरात खेळायला खेळ कसा निवडायचा: नवख्या पालकांसाठी

बहुतेक घरांत कपाटाच्या वरच्या फळीवर दोन-तीन खोकी पडून असतात. वाढदिवसाला आलेली, हौसेनं उघडलेली आणि दुसऱ्यांदा कधी खाली न उतरलेली. त्यातले खेळ वाईट असतात असं नाही, त्या घरातल्या माणसांशी त्यांचं जमत नाही एवढंच. आमच्याकडे पाच वर्षांच्या भाचीपासून सत्तरी ओलांडलेल्या आजीपर्यंत सगळे एका सतरंजीवर बसतात. त्यातून माझं एक मत पक्कं झालंय. खेळ टिकणार की फळीवर जाणार हे दोन प्रश्नांवर ठरतं: आपली पाळी किती वेळानं येते, आणि हरायला लागलेल्याला किती वेळ नुसतं बसून राहावं लागतं. खोक्यावर यातलं काहीच छापलेलं नसतं.

पुढचं सगळं साधारण चार ते बारा वर्षांची मुलं आणि त्यांच्याबरोबर बसणारी मोठी माणसं यांच्यासाठी आहे. मोबाइलवरचे खेळ यात धरलेले नाहीत.

१. आधी माणसं मोजा

दुकानात जाण्यापूर्वी एका कागदावर इतकं लिहून काढा:

- शाळेच्या दिवशी रात्री जेवणं झाल्यावर खरोखर किती जण मोकळे असतात?
- त्यातलं सगळ्यात लहान कोण? त्याला वाचता येतं का, आणि कोणत्या लिपीत?
- मांडी घालून बसणं किंवा बारीक अक्षर वाचणं कुणाला जड जातं?
- झोपायच्या वेळेआधी हातात किती मिनिटं असतात?
- खेळायला सगळ्यात नाखूश कोण असतं?

शेवटचा प्रश्न गमतीचा वाटेल, पण महत्त्वाचा तोच आहे. बाबा किंवा काका ‘तुम्ही खेळा, मी बघतो’ म्हणत असतील तर लांबलचक नियमांचा खेळ पहिल्याच रात्री संपला. त्यांना पाच मिनिटांत कळेल आणि पंधरा मिनिटांत संपेल असाच आधी घ्या.

इथला नेहमीचा सापळा म्हणजे दिवाळीत जमणाऱ्या गोतावळ्याकडे बघून खेळ घेणं. वर्षातले बाकीचे दिवस तुम्ही तिघंच असता. उलटही होतं. ‘कटान’ या वस्त्या वसवायच्या परदेशी पटखेळाचा मूळ डबा तीन ते चार जणांसाठीच आहे. घरात आई आणि मुलगी अशा दोघीच असतील तर तो घेऊन उपयोग नाही. खोक्यावर ‘२ ते ४’ लिहिलं असेल तरी दोघांत तो रंगतो का, हे कुणाला तरी विचारा. रंगतोच असं नाही.

२. खोक्यावरचं वय दोन अर्थांनी वाचा

‘३ वर्षांखालील मुलांसाठी नाही’ ही सूचना सुरक्षिततेची असते. त्याचा हुशारीशी संबंध नाही. आपलं बाळ फार समजूतदार आहे म्हणून ती मोडायची नाही. तपासणीत बारीक तुकड्यांसाठी साधारण ३२ मिलिमीटर व्यासाची नळी वापरतात. तिच्यात पूर्ण मावणारी वस्तू लहान मुलाच्या घशात अडकू शकते. सोंगट्या, फासे, चिंचोके, सागरगोटे, कवड्या सगळे यात बसतात. मोठं भावंड खेळत असताना रांगणारं बाळ घरात असेल तर डाव टेबलावर मांडा. बटणासारखा चपटा सेल असलेलं खेळणं असेल तर सेलच्या झाकणाला स्क्रू आहे का ते पाहा. तो सेल गिळला गेला तर तातडीनं दवाखाना गाठावा लागतो.

‘८+’ किंवा ‘१०+’ हा आकडा मात्र समजुतीचा अंदाज असतो. त्यात एक-दोन वर्षं मागेपुढे चालतं, विशेषतः मूल मोठ्याबरोबर जोडीनं खेळणार असेल तर. आकड्यापेक्षा तीन गोष्टी पाहा: खेळताना वाचावं लागतं का, हातातले पत्ते लपवावे लागतात का, आणि बेरीज कितपत करावी लागते. पाच-सहा वर्षांच्या मुलाला पत्ते लपवणंच सगळ्यात अवघड जातं.

भारतात १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. जत्रेतल्या किंवा ऑनलाइन फार स्वस्तात मिळणाऱ्या डब्यावर ते शोधा.

३. नशीब किती, डोकं किती

निव्वळ नशिबाचे खेळ लहानांना मोठ्यांच्या बरोबरीला आणतात. सापशिडीत पाच वर्षांचं मूल आजोबांना रोज हरवू शकतं, आणि ते खरं हरवणं असतं. पण साधारण सात वर्षांनंतर मुलांच्या लक्षात येतं की आपण काही ठरवतच नाही, फासाच ठरवतो. भिकार-सावकार याच कारणानं एका वयानंतर सुटतो. दुसऱ्या टोकाला बुद्धिबळ. तिथे नशीब शून्य, त्यामुळे बाप-लेकीतला फरक डोंगराएवढा दिसतो.

घरात टिकतात ते मधले खेळ. नशीब इतकं की लहानाला आशा राहील, आणि ठरवायला इतकं की मोठ्याला जांभई येणार नाही.

जवळ असलेले खेळसुद्धा या मधल्या पट्ट्यात आणता येतात. त्यासाठी नवीन काही विकत घ्यावं लागत नाही.

*ल्युडो:* सहा पडल्याशिवाय सोंगटी बाहेर येत नाही हा नियम लहानांचा घात करतो. दहा वेळा फासा टाकूनही एकदाही सहा न पडण्याची शक्यता साधारण १६ टक्के असते. म्हणजे सहा मुलांमागे एकाच्या दहा पाळ्या नुसत्या फासा टाकण्यात जाणार. सगळ्यांची एक-एक सोंगटी बाहेर ठेवूनच सुरुवात करा.

*बुद्धिबळ:* मोठ्यानं आपला वजीर आधीच पटावरून काढून ठेवायचा आणि मग मनापासून खेळायचं. मूल त्यावर जिंकायला लागलं की वजीर परत आणायचा आणि हत्ती काढायचा. पुढे हत्तीऐवजी घोडा. आपण कुठवर आलो हे मुलाला पटावरच दिसतं.

*कॅरम:* मोठ्यांनी उलट्या हातानं खेळायचं. आमच्याकडे यावरून भांडणंही झाली आहेत, कारण एक मावशी डावरी निघाल्या.

मुद्दाम हरू नका. सहा-सात वर्षांच्या मुलाला ते कळतं, आणि मग खरं जिंकल्यावरही त्याचा विश्वास बसत नाही. सूट द्यायची तर ती खेळ सुरू व्हायच्या आधी, सगळ्यांसमोर द्या.

४. पाळीची वाट आणि बाद होणं

नवखे लोक इथेच सगळ्यात जास्त फसतात.

आधी पाळीचा हिशेब. सहा जण खेळतायत आणि प्रत्येक जण एक मिनिट विचार करतो, तर तुमची पाळी पाच मिनिटांनी येते. मोठ्या माणसाला ते चालतं. सात वर्षांचं मूल तेवढ्यात उठून पाणी पिऊन, मांजराची शेपटी ओढून परत आलेलं असतं, आणि आपण त्याला ‘लक्ष दे’ म्हणून ओरडतो. दोष मुलाचा नसतो. दुसऱ्याच्या पाळीतही आपल्याला काहीतरी करायला मिळेल असा खेळ शोधा. ‘कटान’मध्ये फासा कुणीही टाकला तरी त्या आकड्याला वस्ती असलेल्या सगळ्यांना माल मिळतो, त्यामुळे प्रत्येकाचे डोळे फाशावर असतात. ‘डॉबल’ या सारखी चित्रं शोधायच्या पत्त्यांच्या खेळात तर पाळीच नाही, सगळे एकदमच ओरडतात. नाव-गाव-फळ-फूलमध्ये सगळे एकाच वेळी लिहीत असतात. वही-पेन्सिलीवर चालणारा हा खेळ पाळीच्या बाबतीत अनेक महागड्या डब्यांपेक्षा सरस आहे.

आता बाद होणं. संगीत खुर्चीत जे मूल पहिल्यांदा बाद होतं, त्यालाच खरं तर सरावाची गरज असते, आणि तेच सगळ्यात जास्त वेळ भिंतीला टेकून उभं राहतं. व्यापार किंवा मोनोपॉलीत ज्याचं दिवाळं निघतं त्याची संध्याकाळ संपते, बाकीचे मात्र आणखी तासभर भाडं वसूल करत बसतात.

याउलट झब्बू आणि बदाम सात पाहा. ज्याचे पत्ते आधी संपले तो जिंकून बाहेर पडतो, आणि हरणारा शेवटपर्यंत खेळत असतो! गाढव झाल्यावर चिडवतात खरं, पण तोपर्यंत त्याच्या हातात पत्ते असतात. ज्यानं कुणी हे खेळ रचले त्याला मुलं चांगली कळत असणार.

घरात व्यापार असेलच तर हे करून पाहा: पंचेचाळीस मिनिटांचा गजर लावा, वाजला की रोकड आणि मालमत्ता मोजा, जास्त असेल तो जिंकला. दिवाळं निघालेल्याला बँक सांभाळायला द्या. आणखी एक. मोनोपॉलीच्या मूळ नियमांत, एखाद्यानं जागा विकत घेतली नाही तर तिचा लगेच लिलाव होतो. बहुतेक घरांत हा नियम कुणी पाळत नाही आणि मग ‘हा खेळ संपतच नाही’ अशी तक्रार असते. लिलाव सुरू करा, खेळ आटोपशीर होतो.

५. हरणं सोसत नसेल तर

गल्लीतल्या खेळांत यावर जुना इलाज आहे: लिंबू-टिंबू. लहान भावंड सगळ्यांबरोबर धावतं, पण त्याच्यावर राज्य येत नाही. घरातल्या खेळातही हाच नियम लावा. पटकन बाहेर काढण्यापेक्षा लिंबू-टिंबूला फासा टाकायचं किंवा पत्ते वाटायचं काम द्या.

दुसरा मार्ग जोड्यांचा. मेंढीकोटात समोरासमोर बसणारे दोघं भागीदार असतात आणि चार दश्श्या कोण जास्त पकडतं यावर डाव ठरतो. आजी आणि नातू एका बाजूला ठेवले की नातू हरला तरी एकटा हरत नाही.

तिसरा मार्ग म्हणजे सगळ्यांनी मिळून खेळाविरुद्ध खेळायचे खेळ. ‘पँडेमिक’ त्यातलाच, २००८ साली आलेला. जगभर पसरणारे रोग सगळे मिळून आवरतात, जिंकले तर सगळे, हरले तर सगळे. यात एक सापळा आहे, आणि तो मोठ्यांमुळेच तयार होतो: एखादा हुशार काका सगळ्यांच्या पाळ्या आपणच ठरवू लागतो आणि मुलं त्याची हमाल होतात. ‘विचारल्याशिवाय सल्ला नाही’ हा नियम आधीच करा. ‘हनाबी’मध्ये ही अडचण बरीच कमी होते, कारण तिथे आपले पत्ते आपल्याला दिसत नाहीत, उलटे धरलेले असल्यानं फक्त इतरांना दिसतात, आणि बोलण्यावरही बंधन असतं. आठ वर्षांच्या पुढे जमतो.

६. सुरुवात पत्त्यांपासून

एकदम दोन-तीन हजारांचा डबा आणू नका. पत्त्यांचा एक चांगला कॅट आणा, शक्यतो मोठ्या आकड्यांचा, म्हणजे आजीलाही दिसेल. आमच्याकडे खेळ साधारण या क्रमानं आले.

*गुलामचोर, चार-पाच वर्षांपासून.* एक गुलाम काढून टाकायचा, ५१ पत्ते वाटायचे, जोड्या टाकायच्या आणि शेजाऱ्याच्या हातातला एक-एक पत्ता ओढायचा. शेवटी ज्याच्याकडे बिनजोडीचा गुलाम उरतो तो चोर. आकडे ओळखता आले की पुरे.

*बदाम सात, पाच-सहापासून.* बदाम सत्तीनं उतारी, मग वरखाली लावत जायचं. सत्तीच्या पुढे अठ्ठी, मागे छक्की हे मुलांच्या डोक्यात आपोआप बसतं. मोठ्यांना मुद्दाम पत्ता दाबून ठेवता येतो, त्यामुळे त्यांनाही रस राहतो.

*झब्बू, सात-आठपासून.* एवढं लक्षात ठेवा की प्रत्येक घरात याचे नियम थोडे वेगळे असतात. चुलतभावंडं जमली की आधी नियम ठरवा, मगच पत्ते पिसा.

*पाच-तीन-दोन, आठ-नऊपासून.* तिघांच्या घरासाठी याच्याइतका नेमका खेळ मला दुसरा सापडलेला नाही. एक्क्यापासून अठ्ठीपर्यंत चारही रंगांचे पत्ते आणि इस्पिक व बदामाची सत्ती असे तीसच पत्ते लागतात, प्रत्येकाला दहा. पहिल्या पाच पत्त्यांवर हुकूम बोलायचा असल्यानं अंदाज बांधायची सवय लागते.

लहान हातांत तेरा पत्ते मावत नाहीत. मुलाच्या समोर एक जाड पुस्तक उभं करा आणि त्यामागे पत्ते उघडे मांडू द्या. निम्मी रडारड इथेच थांबते.

७. मोठा डबा विकत घेताना

पत्ते रुळले, पाऊण तास एका जागी बसायची सवय लागली, की मग.

जर्मनीत १९७९ पासून दर वर्षी कौटुंबिक खेळाला ‘श्पील देस यारेस’ हा पुरस्कार देतात. लहान मुलांच्या खेळांसाठी २००१ पासून वेगळा पुरस्कार आहे. डब्यावर ही खूण असेल तर निदान खेळ पारखून निवडलेला आहे एवढं कळतं. ‘कटान’ला तो १९९५ मध्ये मिळाला, ‘कार्कासोन’ला २००१ मध्ये, ‘टिकिट टू राइड’ला २००४ मध्ये. या तिघांत पहिला कोणता घ्यायचा, तर माझं उत्तर ‘टिकिट टू राइड’. रंगीत पत्ते जमवायचे आणि दोन गावांमध्ये आगगाडीचे डबे मांडायचे. पाळीत एकच काम असतं, त्यामुळे पाळी झटकन येते. त्याचा भारताचा नकाशाही मिळतो आणि आपल्याकडचे लोक तोच आधी उचलतात. पण तो पुरवणी नकाशा आहे. त्यात गाडीचे डबे आणि रंगीत पत्ते येत नाहीत, मूळ डबा आधी लागतोच.

‘कार्कासोन’ स्वस्त पडतो आणि दोघांतही छान चालतो. ७२ चौकोन जोडत रस्ते, शहरं बनवायची. सुरुवातीच्या डावांत शेतकऱ्यांचा (शेतात आपला माणूस ठेवून डावाच्या शेवटी गुण मिळवायचा) नियम सोडून द्या, मुलं तिथेच अडखळतात. ‘कटान’ सगळ्यात शेवटी. त्यात चोर आपल्या जागेवर आणून बसवला जातो, आपला माल उचलला जातो, आणि नऊ वर्षांच्या मुलाला ते मनाला लागतं.

परदेशात वाढणाऱ्या नातवंडांकडे जाणाऱ्या आजी-आजोबांसाठी माझी शिफारस ‘डॉबल’. छोटा गोल डबा, सामानात कुठेही मावतो. ५५ पत्ते, प्रत्येकावर आठ चित्रं, आणि कोणतेही दोन पत्ते घेतले तरी त्यांच्यात नेमकं एक चित्र सारखं असतं. वाचायला काहीच नाही. ‘फक्त मराठीत ओरडायचं’ असा नियम करा: मेणबत्ती! कोळी! शिकवणीला न येणारी मुलंही इथे शब्द पाठ करतात, कारण त्याशिवाय जिंकता येत नाही.

सापळे दोन. ऑनलाइन निम्म्या किमतीत दिसणारा परदेशी खेळ बहुधा नक्कल असते: पातळ पत्ते, पुसट छपाई, चौकोन नीट न जुळणारे. प्रकाशकाचं नाव आणि वाईट अभिप्राय आधी वाचा. आणि शक्य असेल तर खेळून बघा. पुण्या-मुंबईत बोर्ड गेमची कॅफे आहेत, नाहीतर ज्यांच्याकडे तो खेळ आहे अशा ओळखीच्यांकडे एक संध्याकाळ जा.

८. पहिला डाव कसा शिकवायचा

नियमपुस्तिका मुलांसमोर मोठ्यानं वाचू नका. एका मोठ्या माणसानं आदल्या रात्री ती वाचून, दोन बाजूंनी एकट्यानं डाव खेळून ठेवावा. मुलांना आधी सांगायचं की जिंकतो कोण. मग आपल्या पाळीत काय करायचं. बस्स. अपवाद आणि शिक्षा ज्या त्या वेळी. पहिला डाव सगळ्यांचे पत्ते उघडे ठेवून खेळा आणि तो मोजू नका.

भांडणाच्या जागा आधीच मिटवा आणि वहीत लिहून सह्या घ्या. फासा सतरंजीबाहेर गेला तर परत टाकायचा का? हात लावलेली सोंगटी परत ठेवता येते का? टाइम प्लीज किती वेळा? लिहिलेलं असलं की ‘रडीचा डाव’ म्हणायची वेळ कमी येते, आणि आली तर वही दाखवता येते.

मुलं कंटाळायच्या आधी थांबा. ‘अजून एक डाव’ म्हणत असतानाच आवरलं तर उद्या तीच खोकं काढतात.

९. घरात काय काय असावं

- पत्त्यांचे दोन कॅट (एक नेहमी अपुरा पडलेला असतो)
- चार-पाच जादा फासे, आणि ते टाकायला एक वाटी
- गुणांची व नियमांची वही, पेन्सिल
- गजर किंवा वाळूचं घड्याळ
- मोठी एकरंगी सतरंजी किंवा चादर. तुकडे पटकन दिसतात
- प्रत्येक खेळाच्या तुकड्यांसाठी वेगळी चेनची पिशवी, त्यात तुकड्यांची संख्या लिहिलेली चिठ्ठी
- कॅरम असेल तर पावडर; ती बहुधा बोरिकची असते, म्हणून लहान मुलाच्या हाताला लागणार नाही अशा जागी. खेळून झाल्यावर हात धुवायला लावा.

तुकडा हरवला म्हणून खेळ टाकून देऊ नका. सोंगटीच्या जागी रंगीत बटण चालतं, हरवलेल्या पत्त्याऐवजी जोकरवर पेनानं आकडा लिहिता येतो. महागड्या खेळांचे काही प्रकाशक मागितल्यावर सुटे भाग पाठवतात, त्यासाठी खरेदीची पावती डब्यातच ठेवा.